शेजारच्या पुस्तकाची सावली

टेबलावर एक पुस्तक आहे. लाल कापडाची बांधणी, उंचीला शेजाऱ्यापेक्षा दोन बोटं जास्त. कपाटातून ओढून काढलं तेव्हा त्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर एक आडवी रेघ दिसली, पट्टी लावून आखल्यासारखी. रेघेखाली कापड अजून गर्द डाळिंबी आहे. वरचा दोन बोटांचा पट्टा विटून मातकट गुलाबी झाला आहे. ती रेघ म्हणजे शेजारच्या बुटक्या पुस्तकाचा वरचा काठ. इतकी वर्षं दोघं खेटून उभी होती आणि बुटक्याने उंचाला जेवढं झाकलं तेवढंच वाचलं. कणा तर पार गेला आहे. त्यावरची सोनेरी अक्षरं शाबूत आणि त्यांच्यामागचा रंग ओळखू न येण्याजोगा. बोट फिरवलं तर रेघेच्या दोन्ही बाजूंना कापड सारखंच लागतं. तीच वीण, तोच खरखरीतपणा. फरक फक्त डोळ्याला कळतो.

खटकतं ते हे, की त्या कपाटावर ऊन कधी येतच नाही.

पण ऊन येत नाही म्हणजे उजेड येत नाही असं नव्हे, आणि हिशेब मांडला की मन थोडं दचकतं. उजेड मोजतात तो लक्समध्ये. भर दुपारचं थेट ऊन साधारण १,००,००० लक्स. खिडकीपासून आत, भिंतीला लागून असलेल्या कपाटावर दिवसा १५० लक्स धरू. रोज १० तास म्हणजे १,५०० लक्स-तास, वर्षाला साडेपाच लाखांच्या आसपास, आणि २० वर्षांत सुमारे १ कोटी १० लाख. म्हणजे ते पुस्तक ११० तास रणरणत्या उन्हात ठेवल्यासारखंच झालं, फक्त ते ऊन त्याला थेंबाथेंबाने पाजलं गेलं. मंद उजेड बराच वेळ किंवा झगझगीत उजेड थोडा वेळ, गुणाकार एकच आला तर परिणामही बहुधा एकच, हा नियम बुन्सेन आणि रॉस्को यांनी १८६२ मध्ये मांडला. संग्रहालयांत जलरंग आणि जुनी वस्त्रं ५० लक्समध्ये का ठेवतात याचं उत्तर इथेच आहे. दिवसाला ८ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर वर्षभराचे १,२०,००० लक्स-तास होतात. उन्हातल्या सव्वा तासाहूनही थोडे कमी. दालनातला तो अंधुकपणा पाहणाऱ्याला कंजूषपणा वाटतो. खरं तर चित्राचं उरलेलं आयुष्य तिथे रोज थोडं थोडं खर्ची पडत असतं आणि कुणीतरी ते जपून मोजून देत असतं.

रंग विटतो याचा अर्थ नेमकं काय होतं? उजेड काही पाण्यासारखा कापडावर वाहून रंग धुऊन नेत नाही. तो सुटा सुटा येतो, एकेक प्रकाशकण. १५० लक्समध्ये प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर दर सेकंदाला असे शंभर लाख कोटींच्या घरात कण आपटतात. बहुतेक परावर्तित होतात किंवा आरपार जातात, आणि ज्यांना कुणी शोषलंच नाही त्यांनी काहीही बदललेलं नसतं. ग्रोटहुसने १८१७ मध्ये ओळखलेली ही गोष्ट आजही या साऱ्या विद्येचा पाया आहे: शोषलेलाच प्रकाश काम करतो. पुढे श्टार्क आणि आइनस्टाइन यांनी त्यात भर घातली, की एक कण शोषला गेला तर एकच रेणू जागा होतो. आता लाल रंगाची अडचण पाहा. लाल वस्तू लाल दिसते कारण ती निळा-हिरवा प्रकाश शोषते. जे शोषणं तिला रंग देतं, तेच तिच्यावरचा मारा असतं. रंगीत असणं म्हणजेच उजेडाला दार उघडं ठेवणं.

आणि तो धक्का लहान नसतो. खोलीच्या तापमानाला रेणूंच्या धडपडीत जी ऊर्जा असते ती ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास. हिरव्या प्रकाशाचा एक कण एका फटक्यात २.३ घेऊन येतो, म्हणजे नव्वदपटीहून जास्त. तेवढी ऊर्जा उष्णतेने द्यायची तर वस्तू कधीच जळून गेली असती. उजेड मात्र बाकी सगळं थंड ठेवून नेमक्या एका रेणूतल्या एका इलेक्ट्रॉनला वर उचलतो. तांबडा कण १.८ चा, जांभळा ३.१ चा आणि अतिनील त्याहून वरचा. म्हणून खिडकीच्या काचेवर अतिनील गाळणारी फिल्म लावली की फायदा होतो, पण लाल रंगाला मारणारा निळा-हिरवा प्रकाश ती जाऊ देतेच. ती फिल्म लावून निश्चिंत होणारे पुढे हमखास निराश होतात.

वर उचललेला इलेक्ट्रॉन बहुतेक वेळा मुकाट्याने खाली येतो आणि ऊर्जा उष्णता होऊन विरते. निळीचा रेणू यात वाकबगार आहे: धक्का बसताच त्याच्यातला एक प्रोटॉन क्षणात एका अणूवरून शेजारच्या अणूवर सरकतो आणि ऊर्जा वाट काढून निघून जाते. निळीत रंगवलेली जुनी वस्त्रं टिकली त्यामागे हे चापल्य आहे. ज्या रंगांना अशी पळवाट नाही त्यांचा रेणू वरच्या अवस्थेत जरा जास्त रेंगाळतो, आणि तेवढ्यात हवेतला ऑक्सिजन त्याला गाठतो. लाखो धक्के वाया जातात, एखादा लागतो. रेणूची साखळी तुटते, आणि तुटलेल्या तुकड्यांना दृश्य प्रकाश शोषताच येत नाही. रंग उडून कुठे जात नाही. तुकडे तिथेच, धाग्यातच असतात. फक्त ते आता दिसत नाहीत.

छापील भित्तिपत्रकं काही महिने उन्हात राहिली की निळसर पडतात, तीही याच कारणाने. किरमिजी आणि पिवळी शाई आधी जाते, फ्थॅलोसायनिनची निळी आणि काजळीची काळी मागे उरते. व्हॅन गॉगने १८८८ मध्ये रंगवलेल्या आपल्या झोपायच्या खोलीच्या भिंती पत्रात फिक्या जांभळ्या सांगितल्या होत्या. आज त्या निळ्या दिसतात, कारण त्यात मिसळलेला, लेक नावाच्या विटणाऱ्या जातीचा तांबडा रंग उडून गेला. त्या चित्राची शांतता आपण ज्या निळ्यावर मोजतो, तो निळा निम्मा उजेडाने रंगवलेला आहे.

इथवर उजेड गुन्हेगार वाटतो. पण त्याचा स्वभाव समजून घ्यायचा तर विटण्याऐवजी उमटण्याकडे वळावं, आणि त्यासाठी सायनोटाइपसारखं दुसरं साधन नाही. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेली ही छपाई. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्सने तिच्यातून समुद्रशैवालांची चित्रं काढायला सुरुवात केली. दोन द्रावणं लागतात. एकात १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्यात १०० मिली पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही वेगवेगळ्या तपकिरी बाटल्यांत ठेवायची. पहिल्यावर काही आठवड्यांत बुरशीची साय येते. ती गाळून टाकली की द्रावण चालतं. वापरायच्या वेळी दोन्ही समभाग मिसळायची आणि तेवढं त्याच दिवशी संपवायचं. वहीच्या पानापेक्षा थोड्या मोठ्या कागदाला २ ते ३ मिली मिश्रण पुरतं. ब्रशला धातूची पट्टी नको, लोखंडाचा स्पर्श झाला की निळे ठिपके पडतात. आधी आडवा हात, मग उभा, आणि पृष्ठभागावर थारोळं दिसेपर्यंत कधीच नाही. खोलीत मंद पिवळा दिवा चालतो, कारण हे मिश्रण अतिनील आणि निळ्यालाच दाद देतं. आणि एक ताकीद: फेरिसायनाइडजवळ तीव्र आम्ल किंवा जाळ आणायचा नाही, त्यातून विषारी हायड्रोजन सायनाइड वायू सुटू शकतो.

कागद अंधारात पूर्ण सुकू द्यायचा. सुकल्यावर तो पिवळट हिरवा दिसला पाहिजे. आधीच निळसर झाला असेल तर उजेड शिरला, दमट हवेत फार वेळ राहिला किंवा कागदच वाईट, यांपैकी काहीतरी झालं. कागदावर पान किंवा निगेटिव्ह, वर काच, आणि उन्हात ५ ते २० मिनिटं. या मिनिटांत जे दिसतं ते कितीही वेळा पाहिलं तरी पुरत नाही. उघडा भाग आधी हिरवा, मग निळसर, मग राखाडी होतो, आणि शेवटी सगळ्यांत जास्त ऊन खाल्लेली जागा उलट फिकी, शिशासारखी रुपेरी पडू लागते. नवखा माणूस इथे घाबरून कागद उचलतो आणि चित्र धुताना अर्धं वाहून जातं. त्या रुपेरी झाकेची वाट पाहायची असते. उन्हात घडतं एवढंच, की प्रकाशकण सायट्रेटकडचा एक इलेक्ट्रॉन लोखंडाच्या पदरात टाकतो. लोखंड फेरिकचं फेरस होतं, आणि फेरस लोखंड फेरिसायनाइडला भेटलं की प्रशियन ब्लू हा गर्द निळा रंग तयार होतो. ऊन त्याहून जास्त झालं तर आणखी एक इलेक्ट्रॉन जातो आणि तो निळाही पांढुरका पडतो. ती रुपेरी झाक म्हणजे हेच.

मग कागद पाण्यात. वाहत्या पाण्यात ५ ते १० मिनिटं, झाकलेल्या भागातला पिवळेपणा पूर्ण निघेपर्यंत. पिवळं राहिलं तर ते पुढे उजेडात हळूहळू निळं होऊन चित्र बुडवतं. पाणी अल्कधर्मी असेल तर मधल्या छटा खाल्ल्या जातात. पहिल्या पाण्यात चिमूटभर सायट्रिक आम्ल टाकलं तर त्या वाचतात. टिकावासाठी खडूची भुकटी घातलेले कागदही याच कारणाने नकोत, ते प्रशियन ब्लूला आतून पोखरतात. धुऊन काढलेलं चित्र फिकंच असतं आणि पहिल्यांदा करणाऱ्याचा चेहरा पडतो. ते टांगून ठेवायचं. एका दिवसात हवेतला ऑक्सिजन त्या जास्तीच्या इलेक्ट्रॉनांना परत घेतो आणि सावल्या गडद होत जातात. घाई असेल तर लिटरभर पाण्यात ३ टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे काही मिली टाकून त्यात बुडवायचं. निळा डोळ्यांदेखत खोल उतरतो.

आता गंमत अशी की हाच निळा पुढे भिंतीवर लावला आणि तीव्र उजेडात राहिला तर पुन्हा फिका पडतो. आणि चौकट उतरवून काही दिवस अंधारात, हवेशीर ठेवली, तर परत येतो. ज्या ऑक्सिजनने पुस्तकाचा लाल रंग संपवला, तोच इथे निळा भरून देतो. म्हणून वस्तू जपण्यासाठी ऑक्सिजन काढून टाकलेली बंद पेटी वापरतात ती बहुतेक रंगांना मानवते, पण प्रशियन ब्लूला तीच मारक ठरते. अशा ठिकाणी नियमावर डोळे मिटून विसंबता येत नाही. समोरचा रेणू कोणता, हे आधी विचारावंच लागतं.

उजेड सुरुवात करतो. पुढचं अंधारात होतं.

हे वाक्य एकदा मनात बसलं की डोळ्याकडेही वेगळं पाहिलं जातं. पाहणं म्हणजे उजेडाचंच काम, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात डोळ्यात उजेड एकच कृती करतो. अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशींतल्या ऱ्होडॉप्सिन या प्रथिनाच्या कुशीत रेटिनल नावाचा अ-जीवनसत्त्वाचा एक भाऊबंद कोपरात वाकून बसलेला असतो. प्रकाशकण शोषला की तो सरळ होतो, सुमारे २०० फेम्टोसेकंदांत. एका सेकंदाचे हजार अब्ज भाग केले आणि त्यातल्या एका भागाचेही पाच, त्यातला एक. तीनांपैकी दोन कण हे काम साधतात. रंग विटण्यातल्या लाखांतल्या एकाशेजारी ही काटकसर ठेवून पाहावी. त्यानंतरचं सगळं, प्रथिनाचं उमलणं, शेजारच्या अनेक रेणूंना जागं करणं, पेशीच्या आवरणातली दारं मिटणं, मेंदूला निरोप जाणं, यात उजेडाचा काही संबंध नाही. दारं मिटतात, उघडत नाहीत, हेही लक्षात ठेवण्याजोगं आहे. दंडपेशीतून विद्युतप्रवाह वाहतो तो अंधारात. उजेड पडला की तो कमी होतो. पेशीच्या लेखी अंधार ही चालू स्थिती आहे आणि उजेड हा त्यातला खंड.

हे यंत्र किती शांत आहे याचा अंदाज १९४२ मध्ये हेक्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी दिला: अंधाराला सरावलेल्या माणसाला क्षणिक लुकलुक जाणवायला डोळ्याच्या पडद्यात ५ ते १४ प्रकाशकण शोषले गेले तरी पुरतात. दर दंडपेशीत ऱ्होडॉप्सिनचे १० कोटींच्या आसपास रेणू असतात. त्यातल्या कुठल्याही एका रेणूवर उजेडाविना, नुसत्या उबेने चुकून सरळ होण्याची वेळ शेकडो वर्षांतून एकदा. कापडातला लाल रंग आणि डोळ्यातला रेटिनल या दोघांवर कोसळतो तो एकच उजेड. एक त्याच्यापुढे चुकून मोडतो, दुसरा त्याचीच वाट पाहत बसलेला असतो.

सरळ झालेला रेटिनल पुन्हा वाकवून जागेवर बसवायला मात्र वेळ लागतो. म्हणून उजेडातून काळोखात आल्यावर पहिल्या १० मिनिटांत जे दिसू लागतं ते शंकुपेशींचं, म्हणजे भर उजेडात पाहणाऱ्या पेशींचं. दंडपेशींची पूर्ण तयारी व्हायला ३० ते ४० मिनिटं जातात. आकाशदर्शनाला बसलेल्यांत कुणी फोनचा पडदा क्षणभर उघडला की सगळ्यांची अर्ध्या तासाची कमाई जाते. गडद लाल दिवा त्यातल्या त्यात बरा, कारण ६४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पुढचा प्रकाश ऱ्होडॉप्सिनला जवळजवळ लागतच नाही. आणि अंधुक तारा पाहायचा तर त्याच्याकडे रोखून पाहू नये, नजर किंचित बाजूला ठेवावी. नजरेच्या ऐन मध्यभागी दंडपेशी नसतातच.

वनस्पतींनी तर अंधार मोजायची विद्याच साधली आहे. अमेरिकेत बेल्ट्सव्हिल इथल्या सरकारी प्रयोगशाळेत १९५२ मध्ये लेट्यूसच्या भिजवलेल्या बियांना मिनिटभर तांबडा प्रकाश दिला तर त्या रुजायच्या. त्यानंतर काही मिनिटं ७३० नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा अतितांबडा दिला तर रुजणं थांबायचं. पुन्हा तांबडा दिला की पुन्हा रुजवा. कितीही वेळा आलटून पालटून द्या, बी शेवटचा निरोप मानायचं. यामागचा रेणू फायटोक्रोम. दाट पानांखालून गाळून येणाऱ्या प्रकाशात तांबडा पानांनी खाल्लेला असतो आणि अतितांबडा उरतो. म्हणजे वर कुणीतरी आधीच उभं आहे, आत्ता उगवण्यात अर्थ नाही, हे बीला मातीतून कळतं. असं बारीक बी खोल पुरलं तर उगवत नाही ते बहुधा याच कारणाने: ते वर पसरून मातीचा नुसता हात फिरवायचा, आणि भिजण्याआधी दिलेला उजेड वाया जातो हे विसरायचं नाही.

फुलण्याचा हिशेब त्याहून हळवा आहे. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी झँथियम या रानझाडावर दाखवून दिलं, की त्याला फुलायला लहान दिवस नको असतो, सलग मोठी रात्र हवी असते. रात्र पुरेशी लांब असली तरी तिच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला तर झाड फुलत नाही. शेवंती पिकवणारे फुलं लांबवण्यासाठी नेमकं हेच करतात, मध्यरात्रीच्या आसपास काही तास दिवे लावतात. उलट पॉइन्सेटियाची वरची पानं लाल करायची तर सुमारे ८ आठवडे रोज १४ तासांचा पूर्ण अंधार लागतो. पूर्ण म्हणजे पूर्ण. दाराच्या फटीतून येणारा बाहेरच्या दिव्याचा कवडसाही झाड मोजतं. सगळं नीट केलं तरी पानं हिरवीच राहिली अशी तक्रार असते तेव्हा खत-पाणी तपासण्याआधी रात्री त्या खोलीत जाऊन उभं राहावं. डोळे सरावल्यावर जर हाताची बोटं दिसली, तर उत्तर मिळालं.

आपल्या कातडीतही हाच क्रम चालतो, आणि इथे तो दोन्ही अंगांनी. २९० ते ३१५ नॅनोमीटरचा अतिनील किरण त्वचेतल्या कोलेस्टेरॉलच्या एका पूर्वरूपाची कडी उघडतो. त्यातून ड-जीवनसत्त्व थेट बनत नाही, त्याआधीची एक पायरी बनते. तिचं जीवनसत्त्वात रूपांतर होतं ते अंगाच्या नुसत्या उबेने, पुढच्या काही तासांत, माणूस सावलीत येऊन बसल्यावर. जास्त वेळ उन्हात बसून जास्त मिळत नाही, कारण ती पायरी उन्हानेच पुढे निरुपयोगी रेणूंत वळवली जाते. आणि खिडकीच्या काचेआडून हे होतच नाही. साधी काच नेमका तोच किरण अडवते. दुसऱ्या अंगाला डीएनए. अतिनील किरणाने त्यातले शेजारी थायमिन एकमेकांना चिकटतात आणि पेशीला तो मजकूर वाचता येईनासा होतो. २०१५ मध्ये कळलं, की रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींत अशा गाठी ऊन संपल्यावरही तीन तासांहून जास्त काळ पडत राहतात. मेलॅनिनचे तुटलेले अंश उन्हाची ऊर्जा उशिरा, अंधारातच, डीएनएच्या गळ्यात घालतात. उन्हातून घरात आलो म्हणजे ऊन संपलं असं निदान कातडीला तरी म्हणता येत नाही.

उजेडाने पाडलेली ही गाठ उजेडानेच सुटतेही. केल्नरने १९४९ मध्ये अतिनीलने मारलेले सूक्ष्मजीव पुन्हा जगतात का हे तपासताना तापमानाचा प्रयोग मांडला होता आणि आकडे काही केल्या जुळेनात. दोष तापमानात नव्हताच. खिडकीतून येणारा उजेड काही नमुन्यांवर पडत होता आणि तेच जास्त जगत होते. फोटोलायेझ नावाचं विकर निळा प्रकाश शोषून त्या ऊर्जेने गाठ कापतं. जीवाणूंत, वनस्पतींत, बेडकांत ते आहे. माणसाच्या वंशात ते हरवलं. आपली दुरुस्ती दुसऱ्या, हळू वाटेने होते.

पुस्तकावरच्या रेघेची खरी जुळी बहीण मात्र एका बाळाच्या अंगावर सापडली. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात, रॉचफर्डच्या रुग्णालयात १९५६ च्या उन्हाळ्यात सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना थोडा वेळ अंगणातल्या उन्हात न्यायच्या. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक काविळीचं बाळ दाखवलं. अंग बरंच उजळलं होतं, आणि एक तिकोनी तुकडा पिवळाजर्द राहिला होता. तिथे चादरीचं टोक आलं होतं. त्याच सुमारास खिडकीत उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नळीत बिलिरुबिन, म्हणजे काविळीत अंग पिवळं करणारं द्रव्य, अपेक्षेपेक्षा कमी भरलं. क्रेमर, पेरीमन आणि रिचर्ड्स यांनी १९५८ मध्ये हे छापलं आणि निळ्या प्रकाशाचा उपचार जन्मला. या गोष्टीत मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते त्या सिस्टरचं पाहणं. उजळलेल्या अंगाकडे कुणीही पाहिलं असतं; तिने झाकलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं.

४६० ते ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश इथे बिलिरुबिन जाळत नाही. मुख्यतः तो त्या रेणूला एका सांध्यात वळवतो, डोळ्यातल्या रेटिनलसारखाच. घडी घालून बसलेला, पाण्याला पाठ फिरवलेला रेणू वळला की पाण्यात विरघळू शकतो आणि यकृताच्या एरवीच्या प्रक्रियेविना पित्तातून, लघवीतून बाहेर पडतो. तीव्र उपचारात दर चौरस सेंटीमीटरला दर नॅनोमीटरमागे ३० मायक्रोवॅट इतका मारा लागतो, आणि तो नुसत्या नजरेला कळत नाही. दिवा झगझगीत दिसतो पण जुना झाला असेल किंवा फार उंच टांगला असेल तर मीटर कमी दाखवतो. डोळे झाकायचे, बाकी अंग शक्य तेवढं उघडं. रक्त घेताना दिवा बंद करायचा आणि नळी झाकून न्यायची, नाहीतर वाटेतच बिलिरुबिन बदलतं आणि आकडा खोटा दिलासा देतो. दिव्याखाली बाळाची कातडी लवकर उजळते, म्हणून कातडी पाहून कावीळ उतरली असं ठरवायचं नाही, रक्तच सांगेल. आणि हे डॉक्टरांच्या देखरेखीतलं काम. खिडकीतल्या उन्हाला ना मोजमाप, ना तापमानाचा भरवसा.

टेबलावरच्या पुस्तकाला असा उपाय नाही. तुटलेले रेणू अंधारात ठेवून जुळत नाहीत, तो प्रशियन ब्लू नव्हे. उरलेला डाळिंबी वाचवायचा तर पडदा, दिवा बंद ठेवायची सवय किंवा कपाटाची जागा बदलणं, एवढंच हातात आहे. कपाटावर नेमका किती उजेड साचतो हे जाणून घ्यायचं तर निळ्या लोकरीची पट्टी मिळते. आठ तुकडे, एकापेक्षा एक चिवट. अतिनील गाळलेल्या उजेडात पहिला साधारण ३ लाख लक्स-तासांत विटलेला दिसतो, दुसरा १० लाखांत, तिसरा ३० लाखांत. पट्टी अर्धी ॲल्युमिनियमच्या फॉइलने घट्ट गुंडाळायची, पाठीमागे पेन्सिलने तारीख लिहायची, कारण पेनाची शाई स्वतःच विटते, आणि जिथे पुस्तकं उभी आहेत तिथेच, त्यांच्याच तोंडाच्या दिशेने टाचायची. सहा महिन्यांनी फॉइल काढून दोन अर्धे शेजारी शेजारी पाहायचे.

पुस्तक परत कपाटात सरकवलं. बुटका शेजारी तिथेच होता; त्याचा काठ त्या रेघेवर तंतोतंत बसला.